दमणला जाऊन आलेला थर्मास

मित्रांनो, मी एक जुना थर्मास आहे, आणि सुरुवातीलाच कबूल करतो की मी भित्रा आहे. पुष्कळ वस्तू स्वतःची गोष्ट सांगताना आपल्या शौर्याचे गोडवे गातात. तलवार गाते, ढाल गाते, शाळेची घंटासुद्धा गाते. मला ते जमायचे नाही. ज्याच्या पोटात काच आहे, त्याने शूरपणाच्या गप्पा मारू नयेत.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. एका कारागिराने नळीतून फुंकर घालून माझी काच फुगवली. मग एका काचेत दुसरी काच बसवली, आतून चंदेरी लेप दिला आणि दोघींच्या मधली सगळी हवा ओढून घेतली. म्हणजे पाहा, माझ्या दोन भिंतींच्या मध्ये काहीच नव्हते. त्या 'काहीच नाही'मुळेच आतला चहा गरम राहायचा. वरून निळ्या प्लॅस्टिकचा अंगरखा, तोंडात बूच आणि बुचावर पेल्यासारखे झाकण. मला खोक्यात घातले तेव्हा खोक्यावर छापले होते, 'काच आहे, जपून हाताळा.' तोवर मला हे कुणी सांगितले नव्हते. त्या दिवसापासून मला पडण्याची भीती वाटू लागली आणि ती पुढे कधी गेली नाही.

पंचाहत्तर साली आत्मारामरावांनी मला विकत घेतले. त्यांची पत्नी विनयाताई तेव्हा बाळंत झाल्या होत्या. दवाखान्यात त्यांना गरम पेज न्यायची, एवढ्याचसाठी मी घरात आलो. त्या पेजेवर जे बाळ वाढले त्याचे नाव कौस्तुभ. म्हणजे त्याचे आणि माझे वय त्या घरात सारखेच आहे. पुढे हे कुटुंब मुंबई सोडून विरारला, फुलपाड्यातल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. सामानाच्या टेम्पोत विनयाताईंनी मला गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते. टेम्पोवाला म्हणाला, "बाई, लहान मूल झोपलंय का?" त्या नुसत्या हसल्या.

माझी कामाची वर्षे चांगली गेली. आत्मारामरावांच्या ऑपरेशनला मी गेलो. कौस्तुभच्या दहावीच्या अभ्यासाला मी रात्रभर शेजारी बसलो. समोरच्या बिऱ्हाडातले दिवाकरकाका पाहुणे आले की मला मागून न्यायचे आणि परत देताना म्हणायचे, "विनयावहिनी, तुमचा थर्मास म्हणजे संध्याकाळी भरा आणि सकाळी जीभ भाजून घ्या." ही स्तुती ऐकून मी फुगायचो. पण काकांच्या हातात विनयाताईंच्या हातातला हळुवारपणा नव्हता, म्हणून परत घरी येईपर्यंत माझा जीव टांगणीलाच असायचा.

या घरातल्या दोन गोष्टी तुम्हाला सांगायला हव्यात. आत्मारामरावांचा एक नियम होता. बाहेरगावी थर्मास उघडायचा तर आधी शेजारच्या माणसाला 'चहा घेणार का?' असे विचारायचे, मग तो कोणीही असो. कौस्तुभच्या हे इतके अंगवळणी पडले होते की बूच फिरवताना त्याच्या तोंडून ते आपोआप निघायचे. दुसरी गोष्ट दुःखाची होती. विनयाताईंचा थोरला भाऊ दारूपायी गेला होता. त्यामुळे या घरात दारूचा थेंब तर नाहीच, पण तो शब्दसुद्धा कुणी उच्चारत नसे.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात कौस्तुभला टपाल खात्यात नोकरी लागल्याचे पत्र आले. घरात पेढे झाले. पण पत्रात खाली एक ओळ होती. पोलिसांकडून चारित्र्याची पडताळणी झाल्यावरच रुजू करून घेतले जाईल, अशी. त्या ओळीने विनयाताईंची झोप उडवली. वावगे काही नसतानाही पोलीस म्हटले की साधा माणूस धास्तावतो. त्यांच्या आणि माझ्या स्वभावात हे साम्य आहे.

आणि नेमके याच वेळी कौस्तुभचे मित्र त्याला म्हणाले, "चल, दमणला जाऊन येऊ."

मित्र दोघे होते. एक परेश, वसईच्या बागायतदार घरातला, बोलका आणि जरा आगाऊ. दुसरा मार्सेल, माणिकपूरचा, शांत, चर्चच्या गायनात भाग घेणारा. तिघे कॉलेजात एका बाकावर बसलेले. नोकरीला लागल्यावर पुन्हा कधी जमणार, म्हणून शनिवार-रविवारची स्वस्तातली सहल ठरली होती. विरारहून सकाळची शटल पकडून वापी, तिथून शेअर रिक्षाने दमण, एका लॉजमध्ये तिघांत एक खोली, आणि खाणेपिणे घरून नेलेल्या पुऱ्या-चटणीवर.

विनयाताई म्हणाल्या, "पडताळणीचे लोक कधीही येतील. अशा वेळी कशाला परराज्यात जायचं?"

"आई, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. आणि शनिवार-रविवारी कोण येतंय पडताळणीला?"

"त्या वाटेवर गुजरात लागतं. तिथे दारूबंदी आहे. नाक्यावर झडती घेतात म्हणे." तो शब्द त्या किती वर्षांनी बोलल्या असतील.

कौस्तुभने त्यांचा हात धरला. "मला काय त्याचं? मी कुठे पितो?"

मग त्यांनी पहाटे चहा उकळला, मला गरम पाण्याने विसळून तो माझ्यात भरला आणि मला पिशवीत टॉवेलच्या घडीत ठेवले. जाताना माझ्या झाकणावरून त्यांनी हात फिरवला. मला वाटले, माझी काळजी करताहेत. आता वाटते, ती माझी नसावी.

जाताना काहीच झाले नाही. भित्र्याला हे फार त्रासाचे असते, कारण तो सारखा वाट पाहत राहतो. गाडीने महाराष्ट्राची हद्द ओलांडली तेव्हा मला वाटले होते, काहीतरी बदलेल, कोणी शिट्टी वाजवेल. पण तशीच चिकूची झाडे, तशीच कौलारू घरे. फक्त फलाटावरच्या पाटीवरची अक्षरे डोक्यावरची रेघ टाकून बसली होती. कौस्तुभने बूच फिरवले आणि समोरच्या म्हाताऱ्या जोडप्याला विचारले, "आजोबा, चहा घेणार?" त्यांनी घेतला. परेश त्याला चिडवत म्हणाला, "अरे तू काय चहाची टपरी उघडून बसलास? आपल्याला राहील का?"

दमण मला बरे वाटले. मार्सेलला तर फारच. किल्ल्याच्या भिंतीला हात लावून तो म्हणाला, "आपल्या वसईच्या किल्ल्यासारखाच रे. फक्त याच्या आत अजून माणसं राहतात." संध्याकाळी तिघे समुद्रात डुंबले. मग परेश आणि मार्सेल एका बारमध्ये बिअर प्यायला बसले, कारण दमणमध्ये त्याला बंदी नाही. कौस्तुभ त्यांच्याबरोबर लिंबू सरबत घेऊन बसला. परेशने दोनदा आग्रह केला, तेव्हा मार्सेल म्हणाला, "सोड ना त्याला." आणि त्याने सोडले. रात्रभर कौस्तुभ शिंकत होता. थंडीतला समुद्र त्याला बाधला होता. सकाळी त्याचे डोळे लाल झाले होते आणि नाक पूर्ण बंद होते.

मित्रांनो, ते बंद नाक लक्षात ठेवा. ते उघडे असते, तर माझी गोष्ट इथेच संपली असती.

रविवारी सकाळी मार्सेल चर्च पाहायला गेला. कौस्तुभ आंघोळीला जाताना परेशला म्हणाला, "खालच्या हॉटेलातून थर्मासमध्ये चहा भरून आण रे. वाटेत होईल." परेश मला घेऊन जिना उतरला. हॉटेलात तो गेला नाही. शेजारच्या दुकानात गेला, ब्रँडीच्या दोन लहान बाटल्या घेतल्या, आडोशाला आला आणि त्या माझ्यात ओतल्या.

मला कळेपर्यंत वेळ गेली होती. बावीस वर्षे माझ्यात पेज होती, दूध होते, चहा होता. हे थंड होते आणि तरीही जाळत होते. परेशने बूच घट्ट बसवले, झाकण फिरवले आणि माझ्याकडे पाहून हळूच म्हणाला, "थर्मास कोण उघडून बघतो?" मग जणू मी काही विचारले असावे, तसा पुढे म्हणाला, "आजीच्या गुडघ्यांना पाहिजे रे. चोळायला."

हे खरे होते. त्याची आजी रखमाबाई थंडीत उठू-बसू शकत नसे आणि ब्रँडीने चोळले की दुखणे उतरते, असे तिला कुणी तरी सांगितले होते. हेतू वाईट नव्हता. पण परेशने कौस्तुभला विचारले नाही. विचारले असते तर तो नाही म्हणाला असता, म्हणूनच विचारले नाही. वापीच्या फलाटावर पोचलो की सांगू, तोवर नाका मागे पडलेला असेल आणि कौस्तुभ चार शिव्या देऊन हसेल, असा त्याचा हिशेब होता.

खोलीत परतल्यावर कौस्तुभने विचारले, "भरलास?"

"भरला," परेश म्हणाला. हेही खरेच होते.

शेअर रिक्षा दमणमधून निघाली आणि माझे धाबे दणाणले. मागे तिघे मित्र, पुढे ड्रायव्हरशेजारी एक गुजराती गृहस्थ. मी कौस्तुभच्या मांडीवरच्या पिशवीत, टॉवेलमध्ये. नाक्यावर आडवा बांबू होता. रिक्षा थांबली. डोक्याला मफलर गुंडाळलेला एक वयस्क हवालदार पुढे आला आणि म्हणाला, "सामान दिखाओ."

विचार करा, कौस्तुभच्या पिशवीत कौस्तुभचा थर्मास, त्यात दारू. कोण ऐकणार होते की ती त्याची नाही? नाव लिहिले गेले असते, केस झाली असती, विरारच्या पोलिसांकडे कागद गेला असता आणि टपाल खात्याच्या पत्रातल्या त्या एका ओळीने त्याचे सगळे आयुष्य खाल्ले असते. हे मला कळत होते. परेशला तर नाक्यावर आल्यावरच पहिल्यांदा कळले असावे, कारण त्याच्या ओठांचा रंग उडाला होता. कौस्तुभ मात्र निवांत होता. कर नाही त्याला डर कशाला?

हवालदाराने मार्सेलची पिशवी पाहिली. ओले टॉवेल आणि शिंपले. परेशची पाहिली. मग कौस्तुभची उघडली आणि मला बाहेर काढले.

"इसमें क्या है?"

"चाय है, साहेब."

हवालदाराने मला हातात घेऊन जरा हलवले. माझ्या पोटात ते डचमळले. चहासुद्धा असाच डचमळतो. त्याने मला परत दिले, हात हलवला आणि बांबूवाल्याला खूण केली. सुटलो, असे मी मनात म्हटले. परेशने डोळे मिटून श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

आणि तेवढ्यात कौस्तुभ म्हणाला, "साहेब, थोडा चाय लोगे? इतनी थंडी में सुबह से खडे हो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या बिचाऱ्याचा काय दोष? थर्मास हातात आला की शेजारच्याला विचारायचे, हे त्याला बापाने शिकवले होते.

हवालदाराचा चेहरा बदलला. दिवसभर लोक त्याला घाबरत असतील, कुणी चहा विचारत नसेल. तो मफलर सैल करत म्हणाला, "गरम है?"

"थर्मास का है साहेब, एकदम गरम."

कौस्तुभ रिक्षातून उतरला. त्याने माझे झाकण काढून हवालदाराच्या हातात दिले. आता फक्त बूच राहिले होते. त्याची बोटे बुचावर आली आणि मला वाटले, आता सगळे संपले. आयुष्यभर ज्याला घाबरत आलो ते पडणे त्या क्षणी मला क्षुल्लक वाटले.

"दे, मी ओततो," परेश म्हणाला. तो घाईने उतरला होता. त्याने कौस्तुभच्या हातातून मला जवळजवळ ओढूनच घेतले. क्षणभर मला छातीशी धरले. त्याचे काळीज धडधडत होते. मग त्याने हात सोडले.

मित्रांनो, सगळे म्हणतात, थर्मास त्याच्या हातून निसटला. निसटला नाही. त्याने सोडला.

मी डांबरावर पडलो. आतमध्ये एकच आवाज झाला, खळ्ळ, आणि माझ्या दोन्ही भिंती आणि मधले ते 'काहीच नाही' एकमेकांत मिसळून गेले. अंगरखा फुटला नाही, बूच हलले नाही. फक्त बुडाच्या फटीतून चार थेंब गळाले. परेशने त्यांच्यावर चप्पल ठेवली आणि तसाच उभा राहिला.

"अरे, अरे, अरे," हवालदार हळहळला. त्याने मला उचलले, कानाशी धरून हलवले. काचा वाजल्या. "काच टूट गया. अब पीना मत. काच पेट में गया तो मर जाओगे. लाओ, मैं उधर फेंक देता हूँ." आणि बूच काढून सगळे गटारात ओतायला तो वळला.

"नहीं साहेब, फेंको मत," कौस्तुभ म्हणाला. "आई का है. नया काच डालेंगे."

हवालदाराने त्याच्याकडे पाहिले. आईची वस्तू म्हटल्यावर त्याने मला मुकाट्याने परत दिले आणि झाकण फिरवून बसवायला मदतही केली. चांगला माणूस होता. माणूस चांगला होता म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती. मागच्या ट्रकने धूर सोडला आणि त्या धुरात बाकी सगळे वास बुडाले. रिक्षा निघाली.

"धड एक काम होत नाही तुझ्याने," कौस्तुभ परेशला म्हणाला. "कोणी सांगितलं होतं मध्ये तडमडायला? बावीस वर्षं आईने जपला होता."

बोलक्या परेशचे गप्प बसणे मार्सेलला खटकले असावे. त्याने दोघांकडे पाहिले, मग रिक्षातून बाहेर पाहत राहिला.

वापीच्या फलाटावर सांगायचे ठरले होते. आता सांगणे पूर्वीपेक्षा अवघड झाले होते. आधी ती नुसती गंमत ठरली असती. आता सांगायचे म्हणजे, 'मी तुझी नोकरी घालवायला निघालो होतो' असे सांगायचे. गाडीत परेश दोनदा म्हणाला, "फेकून दे ना तो. मी नवा घेऊन देतो." कौस्तुभने दोन्ही वेळा नको म्हटले. विरारला शटल संपली. परेश म्हणाला, "कौस्तुभ, एक मिनिट थांब, ऐक—" पण मार्सेलला चर्चमधल्या संध्याकाळच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला पोचायचे होते. त्याची आई कार्मिन दारात उभी राहून वाट पाहत असणार होती. त्याने परेशला वसईच्या गाडीकडे ओढले. कौस्तुभला जोराची शिंक आली आणि तो पुलाकडे चालू लागला.

घरी आल्यावर त्याने मला ओट्यावर ठेवले. "आई, सॉरी. परेशच्या हातून पडला. काच फुटली." एवढे सांगून, अंग दुखतेय म्हणून तो जाऊन झोपला. विनयाताईंनी वर्तमानपत्र पसरले, काचा काढायला माझे बूच उघडले आणि थबकल्या.

वास. सगळ्या ओट्यावर तो पसरला. त्यांनी बूच नाकाशी नेले, खाली ठेवले, पुन्हा नेले. मग त्या आतल्या खोलीच्या दाराशी गेल्या. कौस्तुभ झोपला होता. चेहरा तांबडा, जागेपणी पाहिलेले डोळे लाल. सर्दीनेही डोळे लाल होतात, हे त्यांना ठाऊक नव्हते असे नाही. पण भीती एकदा मनात शिरली की ती आपल्याला हवा तोच पुरावा उचलते. त्यांच्या भावाचे डोळेही तसेच असायचे.

त्यांनी काचा कागदात बांधल्या, नळ सोडून मला सोड्याने तीन वेळा धुतले. आत्मारामराव बाजारातून आले आणि विचारते झाले, "कसला वास येतोय गं?"

"स्पिरिट सांडलं. डाग पुसत होते."

त्यांनी मुलाला उठवून विचारले का नाही, असे तुम्ही म्हणाल. मीही रात्रभर हेच म्हणत होतो. विचार ना, एकदा विचार. पण विचारले आणि तो 'हो' म्हणाला तर? एवढ्या एका भीतीने त्यांचे तोंड बंद राहिले. माझ्यासारख्या भित्र्याने त्यांना काय नावे ठेवावीत?

सोमवारी परेश आला. माणिकपूरच्या दुकानातून त्याने माझ्यासाठी नवी काच आणली होती, खोक्यात, पेंढ्यात घालून. कौस्तुभ घरी नव्हता. तो स्वयंपाकघरात पाटावर बसला आणि माझ्याकडे बघत राहिला. सांगायलाच आला होता. मी आशेने वाट पाहिली.

"काकू," तो म्हणाला, "माझ्याच हातून फुटला. माझी चूक झाली."

विनयाताईंनी त्याच्याकडे पाहिले. हा मुलगा आपल्या मुलावर पांघरूण घालायला आलाय, असे त्यांना वाटले. त्या म्हणाल्या, "असू दे रे. मित्र म्हणून तू आलास तेवढं पुष्कळ झालं."

परेशला वाटले, माफी मिळाली. कौस्तुभनेच थर्मास धुतला असावा आणि कुणाला काही कळले नाही, असे समजून तो हलका होऊन निघून गेला. अर्धे खरे सांगून माणूस असा हलका होतो, आणि उरलेले अर्धे दुसऱ्याच्या डोक्यावर राहते. नवी काच विनयाताईंनी बसवलीच नाही.

बुधवारी पडताळणीचा पोलीस आला. त्याच्या काखेत फाइल होती. आत्मारामराव कामावर, कौस्तुभ बाहेर. शेजारचे म्हणून दिवाकरकाकांना बोलावले. शिक्षण, पत्ता, किती वर्षे राहता, सगळे लिहून झाले. मग त्याने पेन थांबवून विचारले, "मुलाला काही नाद? मारामाऱ्या, दारूबिरू?"

"छे हो," दिवाकरकाका म्हणाले, "हिरा आहे पोरगा."

"शेजारी तसंच म्हणतात. ताई, तुम्ही सांगा. आईपासून काही लपत नाही."

मी ओट्यावर होतो. तिथून मला विनयाताईंची पाठ आणि पाठीमागे नेलेले हात दिसत होते. पदर बोटाभोवती गुंडाळला गेला, सुटला, पुन्हा गुंडाळला गेला. पोलिसाने मान वर केली.

"नाही," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा पीत नाही."

त्याने लिहून घेतले आणि तो गेला. दार लावून विनयाताई देवासमोर बसल्या. त्यांनी दोन्ही गालांवर चापट्या मारून घेतल्या, कान धरले आणि म्हणाल्या, "खोटं बोलले. मुलासाठी बोलले. शिक्षा मला कर, त्याला नको."

मित्रांनो, त्या वेळी मला वाचा असायला हवी होती. त्या खरे बोलल्या होत्या. त्यांच्या तोंडून निघालेला प्रत्येक शब्द खरा होता आणि ते त्या वेळी त्या घरात मला एकट्यालाच माहीत होते. मी रिकामा, काच नसलेला, नुसता अंगरखा. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. त्याच्या पुढच्या बुधवारीही नाहीत.

या गोष्टीला आता नऊ वर्षे होतील. कौस्तुभ नोकरीला लागला, त्याचे अक्षयाशी लग्न झाले, हल्ली नाशिकला असतो. लग्नात परेश सगळ्यांपुढे नाचला. कौस्तुभ सुट्टीला आला की विनयाताई त्याचा शर्ट धुवायला टाकण्याआधी नाकाशी नेतात. मी आता गॅसशेजारी उभा असतो. माझ्यात झारा आणि कालथा ठेवतात, त्यामुळे मला सगळे दिसते. एकदा अक्षयाने विचारले, "आई, बुधवारचा उपास कसला हो? सोमवार ऐकलाय, गुरुवार ऐकलाय." त्या म्हणाल्या, "असाच एक धरलाय." गेल्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. डॉक्टरांनी बजावले, उपास पूर्ण बंद. त्यांनी चतुर्थी सोडली, एकादशी सोडली. बुधवार सोडला नाही. मागच्या आठवड्यात याच ओट्याला धरून त्या खाली बसल्या आणि पाव तास त्यांना उठता आले नाही. घरात कुणी नव्हते. पडण्याची भीती मला स्वतःसाठी वाटायची तेव्हाही ती एवढी मोठी नव्हती.

म्हणून, मित्रांनो, माझी विनवणी ऐका. दुसऱ्याच्या भांड्यात काही ओतायच्या आधी त्याला विचारा. आणि आपल्या माणसाविषयी शंका आली, तर भीती वाटली तरी त्यालाच विचारा. मला हे तेव्हा कुणाला सांगता आले नाही, आजही येत नाही. तुम्हाला येते. माणिकपूरला स्टेशनच्या जवळ परेशचे रोपांचे दुकान आहे. त्याला जाऊन एवढेच सांगा, की काकूंना त्या दिवशी वास आला होता. बाकीचे त्याचे त्याला समजेल, तो वाईट मुलगा नाही. फक्त जरा घाई करा. आज मंगळवार आहे.